जुन्या अमेरिकन शॉटगन: संग्रह, बनावटीचा इतिहास आणि किंमत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'जुनी अमेरिकन शॉटगन' म्हणजे नेमक्या कुठल्या बंदुका?

शॉटगन म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक. संग्राहक साधारण १८७० ते १९६४ हा काळ धरतात. सुरुवात बाहेर घोडे (हॅमर) असलेल्या दुनळी बंदुकांपासून होते. शेवट १९६४ वर धरायचं कारण असं की त्या सुमारास विंचेस्टर कंपनीनं खर्च वाचवण्यासाठी उत्पादनाची पद्धत बदलली आणि हातानं बसवलेल्या, घडीव पोलादाच्या बंदुकांचा जमाना संपला. '६४ पूर्वीची' हे शब्द जाहिरातीत दिसले की दोन पैसे जास्त मागितले जाणार हे समजायचं.

बोअर किंवा गेज म्हणजे काय?

एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअर. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते. अपवाद फोर-टेनचा. तो थेट इंचातला व्यास आहे, ०.४१० इंच. संग्रहात याला महत्त्व आहे, कारण बारा बोअरच्या बंदुका ढिगानं बनल्या आणि २८ बोअर किंवा फोर-टेनच्या फार थोड्या.

कुठल्या नावांकडे लक्ष ठेवायचं?

दुनळीत पाच नावं पाठ असावीत.

पहिलं पार्कर. कनेटिकटमधल्या मेरिडन गावी चार्ल्स पार्करच्या कारखान्यात १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून या बंदुका बनत होत्या. १९३४ मध्ये मंदीच्या तडाख्यात धंदा रेमिंग्टननं घेतला, पुढे काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हललं आणि दुसऱ्या महायुद्धानं ते कायमचं थांबवलं. एकूण बंदुका सुमारे २,४२,०००.

दुसरं एल. सी. स्मिथ. लायमन कॉर्नेलियस स्मिथनं सिराक्यूजमध्ये बंदुका काढल्या आणि १८८९-९० च्या सुमारास धंदा फुल्टन गावच्या हंटर बंधूंना विकला. तो स्वतः टाइपरायटरकडे वळला, स्मिथ-कोरोनातला 'स्मिथ' तो हाच. बंदुकीवर नाव मात्र त्याचंच राहिलं. मोठ्या संख्येनं बनलेली अमेरिकन साइडलॉक दुनळी ही एकच. बाजूच्या पट्ट्यांवर चाप-घोड्याची यंत्रणा बसवलेली असते, त्यामुळे दिसायला देखणी. पण त्या पट्ट्यांसाठी लाकूड खूप कोरावं लागतं आणि पट्टीच्या मागे दस्त्याला बारीक चीर जाते. विनाचिरेची एल. सी. स्मिथ सापडली तर आधी टॉर्च लावून पुन्हा बघा.

तिसरं फॉक्स. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅन्सली फॉक्सची ही बंदूक. आत भाग कमी, म्हणून बिघाड कमी. १९२९ च्या अखेरीस सॅव्हेजनं कंपनी घेऊन काम युटिकाला नेलं. 'स्टर्लिंगवर्थ' ही तिची साधी, नक्षी नसलेली जात. मला विचाराल तर सुरुवातीला घ्यायला याहून चांगली दुनळी नाही.

चौथं लेफिव्हर. सिराक्यूजच्या डॅन लेफिव्हरनं बाहेर घोडा नसलेली अमेरिकन दुनळी सगळ्यांच्या आधी बाजारात आणली. झीज झाली तर स्क्रू फिरवून नळी पुन्हा घट्ट बसवायची सोयही त्यानं दिली. पाचवं इथाका. त्यांनी १९१६ मध्ये लेफिव्हर कंपनी विकत घेतली आणि त्या नावाखाली स्वस्त बंदुका काढल्या. त्यामुळे 'लेफिव्हर' वाचून हुरळून जाऊ नका. सिराक्यूजची लेफिव्हर आणि इथाकाची 'लेफिव्हर नायट्रो स्पेशल' या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि भावातही तेवढाच फरक आहे.

यांच्याशिवाय विंचेस्टर मॉडेल २१ ही दुनळी. १९३१ मध्ये विंचेस्टर दिवाळ्यात निघाली, ऑलिन कुटुंबानं ती घेतली आणि जॉन ऑलिननं हे मॉडेल पोटच्या पोरासारखं वाढवलं. सुमारे तीस हजारच बनल्या.

पंपमध्ये, म्हणजे पुढची लाकडी मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या बंदुकांत, जॉन ब्राउनिंगनं आखलेलं विंचेस्टर मॉडेल १८९७ (१९५७ पर्यंत दहा लाखांहून जास्त) आणि त्याच कंपनीचं मॉडेल १२ (१९१२ पासून १९६३ पर्यंत वीस लाखांच्या जवळपास) यांच्याशिवाय गप्पा पुढे सरकत नाहीत. रेमिंग्टन ३१ आणि इथाका ३७ यांचेही चाहते आहेत. इथाका ३७ मधून रिकामं काडतूस खालून पडतं, त्यामुळे डावखुऱ्यांना ती फार सोयीची.

माळ्यावर एक दुनळी सापडली. तिच्यावरचं नाव कुठेच ऐकलेलं नाही. दुर्मिळ असेल का?

बहुधा नाही. नाव दुर्मिळ असेल, बंदूक नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली हार्डवेअरची दुकानं आणि टपालानं माल विकणाऱ्या कंपन्या स्वतःच्या नावाचा शिक्का मारून बंदुका बनवून घेत. कनेटिकटमधल्या नॉरविचच्या क्रेसेंट कंपनीनं अशा शंभराहून जास्त नावांच्या दुनळ्या बनवल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सच्या स्टीव्हन्सचंही तेच. पुढे सीअर्सनं 'जे. सी. हिगिन्स' आणि माँटगोमेरी वॉर्डनं 'वेस्टर्न फील्ड' ही नावं लावली. आत बंदूक दुसऱ्याच कोणाची.

कामाचं साधन म्हणून या बंदुकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांची साथ केली. बाजारात मात्र त्या भिंतीवर टांगायच्या भावानंच जातात. घरच्या आठवणी जोडलेल्या असतील तर ठेवा. विकून गाडी घेऊ म्हणाल तर ते जमायचं नाही.

बनावटीचं साल कसं शोधायचं?

सगळ्यात आधी, बंदुकीवर कोरलेली पेटंटची तारीख बाजूला ठेवा. ते यंत्रणेचं पेटंट कधी मिळालं त्याचं साल. तीच तारीख पुढे वीस-तीस वर्षं प्रत्येक बंदुकीवर छापली जात असे. 'माझ्याकडे १८९८ ची विंचेस्टर आहे' असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांनी पेटंटची ओळ वाचलेली असते.

त्यानंतर अनुक्रमांक. विंचेस्टर पंपवर तो रिसीव्हरच्या (यंत्रणा बसवलेल्या पोलादी धडाच्या) खाली पुढच्या बाजूला असतो, आणि नळी सुटी होणारी बंदूक असेल तर नळीकडच्या भागावरही असतो. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. न जुळणं म्हणजे कधीतरी दोन बंदुकांची एक झालेली आहे. विंचेस्टरच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. जुन्या छापील याद्यांतली सालं आणि कारखान्याच्या पॉलिशिंग रूमच्या नोंदींतली सालं जुळत नाहीत, काही वेळा बरीच वर्षं पुढेमागे होतात. नोंदी जास्त विश्वासाच्या.

रेमिंग्टनची युक्ती मला स्वतःला फार आवडते. नळीच्या डाव्या अंगाला, रिसीव्हरच्या अगदी पुढे, दोन-तीन बारीक अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं अक्षर महिना सांगतं. इंग्रजीतला 'ब्लॅकपावडर' हा शब्द आणि त्यामागे एक्स, अशी बारा अक्षरं ओळीनं बारा महिन्यांना दिलेली आहेत. बी म्हणजे जानेवारी, एल फेब्रुवारी, ए मार्च, असं करत एक्स म्हणजे डिसेंबर. पुढचं अक्षर वर्षाचं, त्याची यादी सहज मिळते. एवढंच की ही तारीख नळीची आहे. मॉडेल ११ किंवा ८७० ची नळी कोणीही बदलू शकतो.

अनुक्रमांकच नसेल तर घाबरायचं कारण नाही. १९६८ च्या कायद्यानं तो सक्तीचा झाला, त्याआधी स्वस्त बंदुकांवर कित्येकदा घालतच नसत. खोडून काढलेला आकडा ही वेगळी गोष्ट आहे. तशी बंदूक हातातही घेऊ नका, तो गुन्हा आहे.

'फॅक्टरी लेटर' म्हणतात ते काय असतं?

कारखान्याच्या जुन्या वह्यांमधली तुमच्या बंदुकीची नोंद बघून दिलेला लेखी उतारा. बंदूक कोणत्या बोअरची, कोणत्या दर्जाची, किती लांब नळीची मागवली होती, कुठल्या दुकानाला कधी पाठवली, परत दुरुस्तीला आली होती का, हे सगळं त्यात येऊ शकतं. विंचेस्टर आणि एल. सी. स्मिथसाठी वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयाकडे विचारणा करतात. पार्करच्या वह्या बऱ्याच शिल्लक आहेत आणि पार्कर संग्राहकांची संघटना पत्र देते.

सगळ्यांचं मिळत नाही. मॉडेल २१ चं मिळतं, सुरुवातीच्या १८९७ चं मिळतं, मॉडेल १२ चं मिळत नाही. त्यामुळे कोणी मॉडेल १२ चं 'मूळ २८ बोअर' म्हणून मोठी किंमत सांगत असेल तर ते सिद्ध करायला कागद नाही, बंदूकच वाचावी लागते. आणि २८ बोअरच्या मॉडेल १२ ची नक्कल करणारे काही कमी नाहीत.

पत्राचे पैसे लागतात. हजार डॉलरच्या वरची पार्कर घेताना ते वाचवणं शुद्ध वेडेपणा आहे.

पार्करवरची व्हीएच, जीएचई, डीएचई ही अक्षरं काय सांगतात?

पहिलं अक्षर दर्जा. एच म्हणजे बाहेर घोडा नसलेली. शेवटी ई असेल तर झाडलेलं काडतूस आपोआप बाहेर फेकणारा इजेक्टर. दर्जा चढत जातो तो व्ही, जी, डी, सी, बी, ए असा, त्याच्या वर दुहेरी ए आणि ए-वन स्पेशल. सगळ्यात खाली ट्रोजन, सगळ्यात वर इन्व्हिन्सिबल. इन्व्हिन्सिबल तीनच बनल्या, तेव्हा तुम्हाला कोणी चौथी विकायला आणली तर चहा पाजून परत पाठवा.

खरी मजा नळ्या उतरवल्यावर. नळ्या उलट्या करून चेंबरखालचा (काडतूस बसतं त्या जागेखालचा) सपाट भाग उजेडात धरा. तिथे अनुक्रमांकाशिवाय दोन छोटे आकडे दिसतील, एक मोठा आणि त्याच्या वर-बाजूला लहान, उदाहरणार्थ ४ आणि ३. हे नळ्या पूर्ण घासण्याआधीचं वजन: चार पौंड तीन औंस. त्याच भागाखालच्या लोखंडी गाठीवर चौकटीचा (नळ्या जिच्यावर बसतात त्या पोलादी धडाचा) आकार असतो, २, १½, १, ०, ०० वगैरे. जितकी शून्यं जास्त तितकी चौकट लहान. आता चौकटीवरचा दर्जाचा आकडा बघा आणि नक्षीशी ताडून बघा. व्हीएच ची डीएचई करून विकण्याचा धंदा जुना आहे. नक्षी नव्यानं कोरता येते, कारखान्याच्या वहीतली ओळ बदलता येत नाही.

विकत घेण्याआधी बंदूक हातात घेऊन काय तपासायचं?

ती रिकामी आहे हे स्वतः बघा, विकणाऱ्यानं सांगितलं तरी.

दुनळीचा वरचा लिव्हर बघा. नवी बंदूक बंद केल्यावर तो मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबतो. झिजत जाते तसा मध्यावर आणि मग डावीकडे सरकतो. नंतर पुढची लाकडी पट्टी काढा आणि दस्ता धरून बंदूक हलवा. पट्टी असताना दबलेला खडखडाट आता ऐकू येईल.

नळ्या सुट्या करून खालच्या गाठीत बोट अडकवून टांगत्या धरा आणि नखानं किंवा लाकडी पेन्सिलीनं टिचकी मारा. घंटेसारखा आवाज आला आणि घुमत राहिला तर नळ्यांमधली पट्टी नीट जोडलेली आहे. बद्द आवाज आला तर डाग (सोल्डरचा जोड) कुठेतरी सुटलाय.

तोंडाकडून बघा. मूळ लांबीच्या दुनळीत दोन नळ्या तोंडापाशी एकमेकींना टेकलेल्या किंवा जवळजवळ टेकलेल्या असतात. मध्ये फट असेल, किंवा फट भरलेली दिसत असेल, तर नळ्या कापल्यात. चोक (तोंडाशी नळी आवळलेली असते तो भाग) गेला, किंमत गेली.

स्क्रूंच्या खाचा हा माझा आवडीचा पुरावा. चांगल्या बंदुकीत त्या अरुंद, सरळ आणि एका दिशेला लागलेल्या असतात. खाचांचे काठ फाटलेले, चकाकणारे दिसले की समजावं, कोणीतरी स्वयंपाकघरातल्या पेचकसानं हात मारलाय. दस्त्याच्या मागे रबरी गादी बसवलेली असेल तर लाकूड कापलंय का ते मोजा. आणि ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) गडद, काळंभोर आणि अक्षरांच्या कडा मऊ दिसत असतील तर बंदूक आधी घासून मग रंगवलेली आहे.

पुन्हा ब्लूइंग करून घेतलं तर किंमत वाढेल ना?

कमी होईल. बहुधा निम्मी. संग्राहक पैसे मोजतो तो मूळ फिनिशला: नळीवरचं जुनं ब्लूइंग आणि चौकटीवरचे केस कलर. हाडांच्या कोळशात पोलाद तापवून पाण्यात विझवलं की निळ्या-तपकिरी-राखाडी ढगांसारखे ते रंग उमटतात आणि हातांच्या घामानं, उन्हानं हळूहळू उडतात. म्हणून 'साठ टक्के केस कलर' वगैरे भाषा ऐकू येते.

दुनळीच्या बाबतीत तर हे धोक्याचंही आहे. आजकालचं गरम क्षारांचं ब्लूइंग नळ्यांमधल्या शिशा-कथिलाच्या डागावर हल्ला करतं आणि पट्टी सुटते. दुनळीला जुनी, गंजवून घासायची सावकाश पद्धतच लागते. ती येणारे कारीगर थोडे आणि महाग.

दमास्कस नळीची बंदूक झाडता येते का?

लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून बनवलेल्या या नळ्या बहुतेक बेल्जियमच्या लिएजहून येत. वेलबुट्टीसारखी नक्षी दिसते ती त्या पिळाची. काळ्या दारूच्या काळातलं हे तंत्र. दुकानातलं आजचं काडतूस त्यात घालू नका, बस. काही जाणकार भिंतींची जाडी मोजून घेऊन हलकी काडतुसं वापरतात, पण तो निर्णय अशा बंदुका रोज हाताळणाऱ्या कारीगरानं नळ्या मोजल्यावरच घ्यायचा असतो.

पोलादी नळ्यांतही सापळे आहेत. जुन्या १६ बोअरचं चेंबर २ ९/१६ इंचाचं आणि २० बोअरचं बऱ्याचदा २½ इंचाचं असतं. आजचं काडतूस २¾ इंच. ते आत बसतं, म्हणून लोक फसतात. झाडल्यावर उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. विंचेस्टर मॉडेल १८९३ तर झाडूच नका. ती धूरविरहित दारूसाठी बनलेलीच नव्हती, खुद्द कंपनीनं परत मागवून बदल्यात १८९७ दिल्या.

पोलादी छर्रेही जुन्या घट्ट चोकमधून घालू नयेत. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे चालत नाहीत, त्यामुळे बदकांसाठीच बनलेल्या ३२ इंची जुन्या बंदुकांचं नेहमीचं कामच गेलं. त्यांचा भाव मंद असण्यामागे हे एक कारण आहे. ज्यांना वापरायच्याच असतात ते बिस्मथची महाग काडतुसं घेतात.

किंमत कशी ठरते?

वयावरून ठरत नाही. कोणी बनवली, दर्जा कोणता, मूळ फिनिश किती उरलंय, बोअर कोणता, आणि कागद आहे का, या क्रमानं बघा. त्याच कंपनीची, त्याच दर्जाची २० बोअर बारा बोअरच्या दुपटीला जाऊ शकते, आणि २८ किंवा फोर-टेन कित्येक पट. साधी, वापरलेली बारा बोअरची मॉडेल १२ अजूनही काही शे डॉलरमध्ये मिळते. ठीकठाक स्टर्लिंगवर्थ हजाराच्या आगेमागे.

भाव बघताना मागितलेली किंमत सोडून द्या, विकली गेलेली बघा. ऑनलाइन लिलावांच्या पूर्ण झालेल्या नोंदी आणि मोठ्या लिलावगृहांचे निकाल कामाचे. तिथेही खरेदीदाराचा प्रीमियम (बोलीवर लिलावगृह वरून घेतं ती रक्कम) धरलाय की नाही ते तपासा. १५-२० टक्क्यांचा फरक तिथेच पडतो.

आजवरची सगळ्यात गाजलेली विक्री कुठली?

थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा अ‍ॅन्सली फॉक्सनं त्यांना एफई दर्जाची बारा बोअरची दुनळी भेट दिली. तीच बंदूक ऑक्टोबर २०१० मध्ये जेम्स डी. जुलियाच्या लिलावात प्रीमियमसह ८,६२,५०० डॉलरला गेली. यातले बंदुकीचे पैसे किती आणि रूझवेल्टचे किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण कोणाची होती हे कागदांनी पक्कं होतं, म्हणून तो आकडा गाठला. नुसतं 'आमच्या घरात असं सांगतात' याला लिलावात शून्य किंमत आहे.

ब्राउनिंग ऑटो-५ आणि रेमिंग्टन ११ एकच का दिसतात?

कारण आराखडा एकाच माणसाचा. जॉन ब्राउनिंगनं या आपोआप भरणाऱ्या बंदुकीसाठी विंचेस्टरकडे प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी मागितली, विंचेस्टरचे प्रमुख बेनेट यांनी नकार दिला. तो रेमिंग्टनकडे गेला. तिथे ८ जानेवारी १९०२ रोजी तो बाहेर बसलेला असतानाच अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचा मृत्यू झाल्याची बातमी आली. मग त्यानं बेल्जियमच्या एफएन या बंदूक कारखान्याची वाट धरली. रेमिंग्टननं परवाना घेऊन १९०५ पासून आपली आवृत्ती काढलीच. पाठीमागे एकदम कुबडासारखा उभा उतरणारा रिसीव्हर दोन्हींचा सारखा. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या ऑटो-५ जपानच्या मिरोकूनं बनवल्या. कारागिरीत त्या कुठेही कमी नाहीत, तरी संग्राहक बेल्जियनलाच जास्त मोजतात. मला हा निव्वळ नावाचा मोह वाटतो.

ट्रेंच गन इतकी महाग का?

पहिल्या महायुद्धात मॉडेल १८९७ च्या आखूड नळीवर भोकांची पत्र्याची जाळी आणि संगीन बसवून ती खंदकांत वापरली. जर्मनीनं १९१८ मध्ये रीतसर निषेध केला, अमेरिकेनं तो फेटाळला. अस्सल नमुने थोडे, मागणी प्रचंड, आणि नकली जाळ्या सहज मिळतात. सरकारी शिक्के, अनुक्रमांकाचा काळ आणि सगळ्या भागांवरची झीज सारखी आहे का, हे जाणकाराकडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. नवशिक्यानं या वाटेला जाऊच नये.

मी अमेरिकेत एच-१बी वर आहे. घेऊ शकतो का?

बिगर-स्थलांतरित व्हिसावर असणाऱ्याला संघीय कायद्यानं बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक संघीय कायद्यात 'अँटिक' ठरते, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. चूक झाली तर थेट इमिग्रेशनवर येते, म्हणून मित्राच्या सल्ल्यावर न जाता वकिलाला विचारा.

पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी संग्राहकाचा वेगळा संघीय परवाना असतो, तीन वर्षांना ३० डॉलर. त्यावर दुसऱ्या राज्यातून जुनी बंदूक थेट घरी मागवता येते.

ती भारतात, गावी नेता येईल?

तो विचार सोडा. भारतात खासगी व्यक्तीनं बंदूक आयात करणं जवळपास बंद आहे, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात.

ठेवायची कशी?

चामड्याच्या किंवा लोकरीच्या अस्तराच्या पिशवीत कायम ठेवू नका. ओल धरते आणि नळीला गंज चढतो. तिजोरीत उभी ठेवताना मध्येमध्ये तोंड खाली करून ठेवा, नाहीतर वरचं तेल उतरून दस्त्याच्या डोक्यात मुरतं, लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं. तेल थोडंच लावा, फडक्याला लागेल इतकंच.